कानफाट्या नाव पडलं की पडलं: ऑनलाइन कलंकाची पार्श्वभूमी

एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, ही म्हण इंटरनेटच्या कितीतरी आधीची, पण तिची खरी धार सर्च इंजिन आल्यावर कळली असं मला वाटतं.

कलंकाला इंग्रजीत म्हणतात तो स्टिग्मा हा शब्द मूळचा ग्रीक. गुलाम, गुन्हेगार यांच्या अंगावर गोंदलेली नाहीतर डागून काढलेली खूण म्हणजे स्टिग्मा. १९६३ साली समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी मांडलं की कलंक हा माणसाचा गुण-अवगुण नसतो, तो बघणारा आणि ज्याच्याकडे बघितलं जातं त्यांच्या नात्यातून तयार होतो. आता हे मानलं तर बघणारे वाढले की कलंक वाढणार, आणि झालंही तसंच. १९९८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्की यांच्या संबंधांचं प्रकरण आधी एका वेबसाइटवर फुटलं, मग पेपर आणि टीव्ही मागून धावले.

पुढे २००९ साल आलं. त्याच वर्षी फेसबुकचं लाइक आणि ट्विटरचं रीट्वीट बटण आलं, त्याआधी दुसऱ्याचं बोलणं पुढे ढकलायला निदान कॉपी-पेस्ट तरी करावं लागायचं, तेवढ्यात कधीकधी डोकं थंड व्हायचं ना! २०१८ मध्ये एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या बातम्या तपासल्या तर खोटी बातमी रीट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि त्यात बॉट्सपेक्षा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांपेक्षा, माणसांचाच हात मोठा होता.

आजारांच्या नावांचंही तेच. एड्सला सुरुवातीला चक्क समलिंगी पुरुषांशी जोडणारं नाव होतं, ते १९८२ मध्ये बदललं, पण जागा, प्राणी, लोकसमूह यांची नावं नव्या आजारांना देऊ नका हे जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं ते थेट २०१५ मध्ये. कोविड-१९ हे नाव म्हणूनच इतकं कोरडं आहे, अर्थात हॅशटॅगवाले कुठे ऐकतात.

आवरायचे प्रयत्न मात्र कायम आग लागल्यावर विहीर खणल्यासारखे. १९९६ च्या अमेरिकन कायद्याने युजरच्या मजकुराची जबाबदारी साइटवर टाकलीच नाही, आणि बराच काळ सगळं त्यावरच चाललं. मग २०१४ मध्ये युरोपच्या कोर्टात एका स्पॅनिश माणसाच्या केसचा निकाल लागला, त्याचं नाव सर्च केलं की थकबाकीपायी त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची पेपरातली १९९८ ची नोटीस वर यायची, प्रकरण कधीच मिटलेलं. कोर्ट म्हणालं गूगलने लिंक काढावी, पेपरातली नोटीस मात्र राहिली. विस्मरणाचा हक्क, म्हणजे आपली जुनी माहिती सर्चमधून काढायला सांगायचा हक्क, जिंकला खरा, पण त्या केसमुळेच ती नोटीस जगाला पाठ झाली, काय बोलणार!

२०१८ नंतर रोख बदलला. व्हॉट्सॲपने आधी भारतात आणि मग २०१९ मध्ये जगभर फॉरवर्ड एका वेळी ५ चॅटपुरतं आणलं, म्हणजे मजकूर न वाचता नुसता वेग कमी केला. युरोपच्या २०२२ च्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यात तर ४.५ कोटींहून जास्त युरोपियन युजर असलेल्या कंपन्यांना आपल्या अल्गोरिदमने, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेने, समाजाला काय धोका होतो हे दरवर्षी स्वतःच तपासून लिहून द्यावं लागतं, नाहीतर दंड जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.