लाकडी खेळणी ऑनलाइन विकायची आहेत? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी पाहा

ऑनलाइन बाजारात विक्रेत्याचे खाते उघडायला फार वेळ लागत नाही. मोबाइल, पॅन, बँक खाते दिले की झाले. गाडी अडते ती पुढे, माल यादीत चढवताना. सावंतवाडीच्या चितारआळीत बनतात तशी लाकडी फळे, भातुकली, भोवरे, पोळपाट-लाटणी विकणाऱ्यांचे अर्ज पुन्हा पुन्हा परत येतात, आणि कारणे तीच तीच असतात.

पहिला प्रश्न जीएसटीचा नाहीच. तुमची वस्तू खेळणे आहे की शोभेची वस्तू, हे आधी ठरवा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो आणि माल आयएस ९८७३ या मानकाच्या चाचण्यांत उतरावा लागतो. रंगातून शिसे किंवा इतर जड धातू बाहेर येतात का, टोक टोचते का, एखादा भाग सुटून मुलाच्या घशात जाईल का, हे सगळे त्यात तपासतात. घरच्या पडवीत लेथ चालवणाऱ्याला हे झेपणारे नाही.

म्हणूनच सूट आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवलेल्या आणि स्वतः विकलेल्या खेळण्यांना आयएसआय सक्तीचा हा आदेश लागू होत नाही. या नोंदणीचा पुरावा म्हणजे ‘पहचान’ कार्ड. नेमके तेच बहुतेकांकडे नसते. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असते, ग्रामपंचायतीचा दाखला असतो, एखाद्या प्रदर्शनाचे प्रशस्तिपत्र असते. यातले काहीही पहचान कार्डाच्या जागी चालत नाही.

‘बनवलेल्या आणि विकलेल्या’ यातला ‘आणि’ नीट वाचा. वडील कारागीर, कार्ड वडिलांच्या नावावर, आणि मोबाइल कळतो म्हणून विक्रेत्याचे खाते मुलाच्या नावावर, अशी घरे पुष्कळ. कागदोपत्री मुलगा हा व्यापारी ठरतो आणि सूट गेली. दोन उपाय आहेत: खाते वडिलांच्याच नावावर उघडा आणि चालवायला मुलाने मदत करावी, किंवा मुलगा खरोखर काम करत असेल तर त्याचेही कार्ड काढा. शेजारच्या चार कारागिरांचा माल गोळा करून स्वतःच्या कार्डावर विकणे या सुटीत बसत नाही.

कार्डाचा अर्ज हस्तकला विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार लागते, वय १८ पूर्ण हवे. त्यानंतर हस्तकला सेवा केंद्राकडून पडताळणी होते आणि वेळ जातो तो इथेच. अर्जात कलाप्रकार लाकूडकामाचाच निवडा. पडताळणीच्या वेळी हत्यारे, अर्धवट कातलेला माल आणि दोनचार तयार नमुने समोर असू द्या. भौगोलिक मानांकनाच्या (जीआय, म्हणजे ठरावीक भागाच्या खास मालाची नोंदणी) वाटेनेही सूट मिळते, पण मालाला मानांकन असून भागत नाही. तुमचे स्वतःचे नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेले असावे लागते.

कार्ड नाही म्हणून भातुकली ‘शोभेची वस्तू’ या सदरात टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. कराचा दर दोन्हीकडे सारखा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लाकडी खेळणी (एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा संकेतांक, ९५०३), लाकडी शोभेच्या वस्तू (४४२०) आणि पोळपाट-लाटण्यासारखी स्वयंपाकाची लाकडी साधने (४४१९) या सगळ्यांवर ५ टक्के. त्यामुळे ‘काय फरक पडतो’ असे वाटते. पण फोटोत भातुकलीशेजारी मूल बसवले आणि वर्णनात ‘मुलांसाठी’ लिहिले, की वस्तू खेळणेच ठरते. परडीत मांडून ठेवायची रंगीत फळे शोभेच्या सदरात खुशाल टाका, पण मग फोटो आणि मजकूरही तसाच हवा.

आता जीएसटी. ‘हस्तकलेला नोंदणी लागत नाही’ हे वाक्य अर्धवट खरे आहे आणि त्यानेच सर्वांत जास्त घोळ केला आहे. जीएसटीच्या हस्तकला यादीत सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा नावानिशी उल्लेख आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर असा माल नोंदणीशिवाय परराज्यात विकता येतो. त्यासाठी पॅन हवे, आणि मालाची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढावे लागते. मात्र ही सवलत आहे तुम्ही थेट विकता तेव्हा. मध्ये ऑनलाइन बाजाराची कंपनी आली की नियम बदलतो.

तिथे मुख्य रस्ते दोन आहेत. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री फक्त महाराष्ट्रात असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण नोंदणीऐवजी एनरोलमेंट क्रमांक पुरतो. जीएसटी पोर्टलवर नोंदणी नसलेल्या अर्जदारासाठी युजर आयडी बनवण्याचा वेगळा पर्याय आहे. तो निवडा, ‘नवीन नोंदणी’ नव्हे. पॅन, राज्य आणि व्यवसायाचा पत्ता द्यावा लागतो. क्रमांक मिळायच्या आत एकही वस्तू विकायची नाही. या क्रमांकावर विवरणपत्रे भरावी लागत नाहीत, ही मोठी सोय. पण बांदा ओलांडून पलीकडे गोव्यातली ऑर्डर आली तरी ती परराज्यातली, आणि ती या क्रमांकावर घेता येत नाही. कंपनीनेच ती अडवायची आहे, तेव्हा ‘पणजीचे गिऱ्हाईक दिसतच नाही’ ही तक्रार करण्यात अर्थ नाही.

दुसरा रस्ता म्हणजे नियमित नोंदणी. मग देशभर विका, पण विवरणपत्र चुकवू नका. विक्री शून्य असली तरी भरावे लागते. उशिराच्या प्रत्येक दिवसाला, प्रत्येक विवरणपत्रामागे २० रुपये विलंबशुल्क लागते, विक्री असेल तर ५०. वर्षाकाठी दहावीस नग जाणार असतील, तर हौसेने जीएसटीआयएन (नियमित नोंदणीचा जीएसटी क्रमांक) काढू नये असे स्पष्ट सांगावेसे वाटते.

नियमित नोंदणीत अडतो तो जागेचा पुरावा. घर आजोबांच्या नावावर, वीजबिल काकांच्या नावावर, हे गावोगावी असतेच. जागा घरच्या माणसाची असेल तर त्याचे साध्या कागदावरचे संमतीपत्र, त्याचे ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद, जसे घरपट्टीची पावती किंवा वीजबिल, एवढे पुरते. मालक हयात नसेल तर आधी ग्रामपंचायतीत नमुना ८ वर (घरपट्टी आकारणीची नोंदवही) वारसांची नावे लावून घ्या. अधिकाऱ्यांनी यादीबाहेरचे कागद मागू नयेत, अशी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाची एप्रिल २०२५ ची लेखी सूचना आहे. तरी नोटीस काढून मागतात. उत्तर देताना त्या सूचनेचा उल्लेख करायला बिचकू नका.

उत्तराची मुदत मात्र ७ कामकाजाचे दिवस, आणि ती नोटीस तुमच्याकडे पोहोचल्यापासून मोजायची. तुम्ही ती वाचली कधी, याला किंमत नाही. नोटीस टपालाने येत नाही, ईमेलवर आणि पोर्टलवर येते. अर्ज सेवा केंद्रात भरला असेल तर बरेचदा ईमेल त्या केंद्रचालकाचाच टाकलेला असतो. मुदत संपते, अर्ज बाद होतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो. ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच द्या. नसेल तर अर्जाआधी पाच मिनिटे काढून उघडा.

नावाचे दुखणे बायकांच्या अर्जात जास्त. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासबुकावर आडनाव आधी. पोर्टलला लग्न कळत नाही, त्याला अक्षरे जुळायला हवी असतात. आधी आधार आणि पॅन एकसारखे करा, मग बँक, आणि त्यानंतरच पहचान कार्ड व जीएसटी. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक कागद दोनदा दुरुस्त करावा लागेल.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की बंद करा.

माल चढला की वेष्टनाकडे पाहा. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नगसंख्या, सर्व करांसह किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल एवढे त्यावर छापलेले हवे. निर्मितीचा महिना सोडला तर हीच माहिती ऑनलाइन पानावरही द्यावी लागते, आणि तिथे मूळ देश भारत हेही लिहायचे असते. जीएसटीआयएन असेल तर कंपनी तुमच्या विक्रीतून अर्धा टक्का टीसीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला जीएसटी) कापते. तो पोर्टलवर स्वीकारल्याशिवाय तुमच्या कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरचे तुमचे रोख खाते) येत नाही, आणि कित्येकांचे पैसे तिथे नुसते पडून राहतात.