पंखा लावला की टू-स्ट्रोकची ताकद डबल?

वर्षानुवर्षं फिरणारा फॉरवर्ड: सायकलला लावायच्या स्वस्त टू-स्ट्रोक इंजिनच्या कार्बोरेटरपुढे (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवा, झाला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र), ताकद डबल. पटण्यासारखंच आहे म्हणा, कारण जास्त हवा आणि त्या मापात पेट्रोल म्हणजे जास्त पॉवर हे तत्त्व बरोबरच.

पण नुसता वारा पुरत नाही, दाब लागतो. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण 10 मीटर पाण्याचा स्तंभ, तेव्हा 10 टक्के जादा हवा कोंबायची तर 1 मीटर पाण्याइतका दाब हवा आणि हा पंखा देतो जेमतेम काही मिलिमीटर. घरी बघा की, पारदर्शक नळी यू आकारात वाकवून थोडं पाणी भरा, पंख्याचं तोंड डब्याने सील करून नळीचं एक टोक त्यात घाला आणि पाणी किती सरकतं ते पट्टीने मोजा.

बरं, समजा दमदार ब्लोअर आणलात. तरी टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) ट्रान्सफर पोर्टच्या (ताजं मिश्रण सिलिंडरात यायचं भोक) आधी उघडतो आणि नंतर बंद होतो, म्हणजे कोंबलेला बराच चार्ज (हवेचं ताजं मिश्रण) पेट्रोलसकट थेट सायलेन्सरमधून बाहेर. शिवाय फ्लोट बाऊलला (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) बाहेरचाच दाब, कार्बोरेटरच्या तोंडात जास्त, मग पेट्रोल नीट चढत नाही, मिक्श्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), ऑइल पेट्रोलातूनच येतं म्हणून तेही कमी पडतं आणि शेवटी पिस्टन जाम.

दुसऱ्या महायुद्धाआधी डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या टू-स्ट्रोक रेसिंग बाइक्स सुपरचार्ज्ड होत्या, पण त्यांना हवा कोंबायला वेगळा पिस्टन-पंप असायचा. आपल्या बजेटात ते काम एक्स्पान्शन चेंबर (मधे फुगीर असलेला खास एक्झॉस्ट पाइप) करतो: एक्झॉस्टची दाबलहर परत फिरून निसटलेला चार्ज सिलिंडरात ढकलते, तेही आरपीएमच्या ठराविक पट्ट्यातच.