ग्राफिक्स कार्ड संगणकाला दिसत नाही? कार्ड बाद ठरवण्याआधी हे वाचा

कार्ड गेलं, असं समजून आमच्याकडे आणलेल्या बऱ्याच संगणकांमधलं ग्राफिक्स कार्ड धडधाकट निघतं. कुठे पॉवरची वायर अर्धवट बसलेली असते, कुठे बायोसमधली (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्राममधली) एखादी सेटिंग आड येते, कुठे जुन्या ड्रायव्हरचे (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणाऱ्या प्रोग्रामचे) अवशेष नव्याला नीट चालू देत नाहीत. मूळ दोष न शोधता नवं कार्ड घेतलं, की तेही तिथेच अडतं आणि पैसे गुंतून पडतात. आमच्या ग्राहकांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे पत्रक.

हात घालण्याआधी एक गोष्ट ठरवा: कार्ड नेमकं कुणाला दिसत नाही? मॉनिटरवर काहीच उमटत नाही, ही एक तक्रार. चित्र येतं, पण बायोसमध्ये कार्डाचा पत्ता नाही, ही दुसरी. बायोसला दिसतं पण विंडोजला नाही, ही तिसरी. विंडोजला दिसतं, पण नावावर पिवळं उद्गारचिन्ह, ही चौथी. पहिल्या दोन तक्रारींत ड्रायव्हर कितीदाही टाकला तरी उपयोग नाही, कारण संगणक सुरू होताना विंडोजच्या ड्रायव्हरची पाळी अजून आलेलीच नसते. चौथ्या तक्रारीत कार्ड सारखं काढून-घालून सहसा काही साधत नाही. मदरबोर्डाने ते ओळखलेलं असतं.

स्क्रीन काळीच असेल तर

आधी मॉनिटरची केबल बघा. नेहमीच्या उभ्या कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असतात. यूएसबी आणि आवाजाच्या पिनांजवळ असतात ते मदरबोर्डाचे. त्याखाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. केबल आडव्या पट्टीत हवी. कार्ड लावलं की अनेक मदरबोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. मग वरच्या पोर्टात केबल असली की मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवत राहतो आणि आळ कार्डावर येतो.

कार्ड काढून प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालवून बघण्याआधी आपल्या प्रोसेसरमध्ये ते आहे का, याची खात्री करा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ कोअर आय५ १२४००एफ, त्यात ते नसतं. एएमडीच्या डेस्कटॉपसाठीच्या रायझन ५००० मालिकेत नावाला ‘जी’ जोडलेल्या प्रोसेसरांतच ते असतं.

बऱ्याच मदरबोर्डांवर एका कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. व्हीजीएचा दिवा पेटून तसाच राहिला, तर गाडी कार्डापाशी अडली आहे. डीरॅमचा राहिला, तर कार्ड सोडा आणि रॅम तपासा. कार्डाचा पंखा फिरत नाही यावरून मात्र काहीच ठरवू नका. हल्लीची बरीच कार्डं थंड असताना पंखे थांबवूनच ठेवतात.

कार्ड काढून पुन्हा बसवताना

आमच्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथेच. संगणक बंद करा, एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचं बटण बंद करा, वायर भिंतीच्या प्लगमधून काढा आणि मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट आडवं ठेवा. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. अंगातली स्थिर वीज तिथे उतरते.

पॉवरच्या वायरी खटका दाबून काढा, नुसत्या ओढू नका. मागच्या पट्टीचे स्क्रू सोडवा. कार्ड मदरबोर्डाच्या ज्या खाचेत बसतं, त्या स्लॉटच्या आतल्या टोकाला प्लास्टिकचा एक छोटा खटका असतो. मोठ्या कार्डाखाली तो दिसतही नाही, बोटाने चाचपावा लागतो. बोट पोहोचत नसेल तर लाकडी पट्टी वापरा. स्क्रूड्रायव्हर घसरला तर मदरबोर्डावरची तांब्याची रेघ तुटते, आणि ते नुकसान कार्डापेक्षा महागात पडू शकतं. खटका सुटला की कार्ड दोन्ही हातांनी सरळ वर उचला.

खालच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबराचा सल्ला सर्रास दिला जातो, पण आम्ही तो वापरत नाही. सोन्याचा थर फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

कार्ड प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवा. खालचे लांब स्लॉट दिसायला तसेच असले, तरी काही मदरबोर्डांवर तिथल्या लाइन्स (माहिती वाहून नेणाऱ्या जोडण्या) एम.२ एसएसडीसोबत (मदरबोर्डावरच बसणाऱ्या डिस्कसोबत) वाटून घेतलेल्या असतात आणि एसएसडी लावली की स्लॉट बंद होतो. दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवा. त्यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात. मागच्या पट्टीचा स्क्रू आवळताना स्लॉटकडे बघत राहा. पट्टीचं खालचं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला अडलं असेल, तर स्क्रू आवळता आवळता कार्डाची एक बाजू जेमतेम मिलिमीटरभर उचलली जाते. सोनेरी पट्टीची कड एका बाजूला डोकावताना दिसते. एवढीशी फट कार्ड गायब व्हायला पुरते. स्क्रू सैल करा, टोक मोकळं करा, पुन्हा दाबा. कार्ड जड असेल तर त्याखाली आधार लावा.

पॉवरच्या वायरी

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. ६ पिनांची वायर आणखी ७५ वॉटची, ८ पिनांची १५० वॉटची. ८ पिनांची वायर बहुधा ६ आणि २ अशा दोन तुकड्यांची असते. घालताना दोनाचा तुकडा मागे सरकतो, वरून मात्र सगळं बसल्यासारखं दिसतं. दोन्ही तुकडे एकत्र धरून एकाच वेळी दाबा. प्रोसेसरसाठीची ४ आणि ४ पिनांची वायर तशीच दिसते, पण तिची मांडणी वेगळी आहे; ती जोर लावून कार्डात घालू नका. नव्या कार्डांचा १६ पिनांचा कनेक्टर जरासुद्धा फट न ठेवता आत गेला पाहिजे आणि वायर त्याला लागूनच दुमडू नये. तो नीट न बसल्याने वितळल्याची उदाहरणं आहेत.

कळकळीची एक विनंती: वायरी सुट्या होणारा एसएमपीएस बदललात, तर जुन्या वायरी नव्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. वायर अगदी चपखल बसते आणि चालू करताच कार्ड, मदरबोर्ड किंवा डिस्क जळू शकते.

बायोसमध्ये

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर बदल करण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. पहिला डिस्प्ले निवडायच्या जागी ‘ऑटो’, ‘पीईजी’ किंवा ‘पीसीआय एक्सप्रेस’ असावं. यूईएफआयच्या (बायोसच्या नव्या रूपाच्या) आधीच्या काळातलं कार्ड सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू केल्याशिवाय चित्र देत नाही. कार्ड उभं लावण्यासाठी रायझर केबल वापरली असेल आणि ती पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची असेल, तर स्लॉटचा वेग ‘जेन ३’वर ठेवा, ‘ऑटो’वर चौथ्या पिढीचा वेग घेताना कार्ड अधूनमधून गायब होतं.

नुकताच प्रोसेसर किंवा त्याचा कूलर बदलला असेल, तर संशयाची दिशा बदला. वरच्या स्लॉटच्या लाइन्स थेट प्रोसेसरमधून येतात. सॉकेटमधली एखादी पिन वाकली किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, की बाकी संगणक चालतो आणि कार्ड मात्र दिसत नाही. पिना सरळ करायला घरी बसू नका.

विंडोजमध्ये

आधी ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’मध्ये विंडोज ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि तीच परत आणतं, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. मग डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ उघडा. मॉनिटरची केबल कार्डात असताना तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसत असेल तर ती चांगली बातमी आहे: कार्ड सापडलं आहे, फक्त त्याचा ड्रायव्हर नाही.

उद्गारचिन्ह असेल तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. २२ म्हणजे कार्ड बंद करून ठेवलं आहे. तिथेच चालू करता येतं. १२ म्हणजे कार्डाला पुरेशी संसाधनं मिळत नाहीत; बायोसमधलं ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ चालू करून बघा. ४३ म्हणजे कार्डाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. याचं कारण ड्रायव्हरपासून खऱ्याखुऱ्या बिघाडापर्यंत काहीही असू शकतं. आधी इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालवून) ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि मग चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. इंटरनेट जोडलेलं राहिलं तर मधल्या वेळेत विंडोज स्वतःच एखादा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

वापरलेलं कार्ड घेतलं असेल तर आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. क्रिप्टो मायनिंगसाठी कार्डाचं बायोस बदललेलं असलं, तर ड्रायव्हर ते नाकारतो. काही कार्डांवर दोन बायोसमध्ये बदलायचं छोटं बटण असतं. संगणक बंद असताना ते दुसऱ्या बाजूला सरकवून बघा.

कार्ड ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त होतं, हा सल्ला कृपया ऐकू नका. चाललंच तर थोडे दिवस चालतं आणि नंतर होऊ शकणारी दुरुस्तीही हातची जाते. प्लास्टिक तापून निघणारा धूर खाण्याच्या भांड्यांवर बसतो, ते वेगळंच.

आमच्याकडे आणताना

नुसतं कार्ड आणू नका, कॅबिनेटही आणा, कारण दोष अनेकदा त्या दोघांच्या जोडणीत असतो. कार्ड मात्र प्रवासात आत लावलेलं ठेवू नका, हिसक्याने स्लॉट तडकतो. ते काढून अँटिस्टॅटिक पिशवीत वेगळं आणा. एसएमपीएसच्या उरलेल्या सुट्या वायरी आणि रायझर असेल तर तीही द्या. मॉनिटरची केबल विसरू नका, कधीकधी तीच खराब निघते. कोणता दिवा पेटला, कोणता कोड आला आणि त्याआधी संगणकात काय बदललं, हे कागदावर लिहून आणलंत, तर आम्हाला थेट त्याच जागेपासून तपासायला सुरुवात करता येते.