स्तनकर्करोग जागृती व निधिसंकलन उपक्रम, नागपूर

स्तनाच्या कर्करोगाची माहिती लोकांपर्यंत पोचवणे, स्त्रियांना वेळीच तपासणीला आणणे आणि गरजू रुग्णांच्या उपचारासाठी पैसा उभा करणे, या हेतूंनी होणारे सार्वजनिक कार्यक्रम. नागपुरात दौड, पदयात्रा, दुचाकी फेरी, मोफत तपासणी शिबिर, गाण्याची मैफल, हळदीकुंकवाला जोडून व्याख्यान अशी त्यांची रूपे आहेत. बहुतेक कार्यक्रम ऑक्टोबरात होतात. काही ४ फेब्रुवारी (जागतिक कर्करोग दिन), ८ मार्च आणि ७ नोव्हेंबर (राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन) यांच्या आगेमागे.

संज्ञा : ‘कर्करोग’ हे पाश्चात्त्य नावाचे भाषांतर आहे. गाठीभोवती पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, म्हणून ग्रीक वैद्यांनी हे नाव दिले असे सामान्यतः मानतात. सुश्रुतसंहितेतील ‘अर्बुद’ म्हणजेच कर्करोग, असे काही लेखक म्हणतात. परंतु त्या वर्णनात निरुपद्रवी गाठीही येत असल्याने हे समीकरण जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. शिबिरात मात्र यांपैकी एकही शब्द चालत नाही. तेथे ‘छातीत गाठ’ असेच म्हणतात. ‘स्तन’ हा शब्द माइकवर आला की बोलणाऱ्याचा आवाज आजही खाली उतरतो, आणि दुखणे लपवण्याची सुरुवात तिथूनच होते.

गुलाबी फितीचा उगम : या उपक्रमांचे चिन्ह असलेल्या फितीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. अमेरिकेतील सुसान जी. कोमेन प्रतिष्ठानाची पहिली दौड १९८३ मध्ये डॅलस येथे झाली. या प्रतिष्ठानाने १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या दौडीत गुलाबी फिती वाटल्या, म्हणून काही अभ्यासक श्रेय त्याला देतात. दुसरे मत अमेरिकेतील शार्लट हेली या बाईंच्या बाजूचे. साधारण १९९१–९२ च्या सुमारास त्यांनी घरीच फिकट नारिंगी फिती तयार करून वाटायला सुरुवात केली. प्रत्येक पाच फितींसोबत एक कार्ड असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १.८ अब्ज डॉलरच्या वार्षिक अंदाजपत्रकातील फक्त ५ टक्के रक्कम प्रतिबंधावर खर्च होते, हे त्यावर लिहिलेले असे. एक महिला मासिक व एक प्रसाधन कंपनी यांनी ही फीत मागितली, तेव्हा तिचा बाजार होईल म्हणून हेलींनी नकार दिला. मग वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलून १९९२ मध्ये गुलाबी फीत दुकानांतून वाटली गेली. तारखेने कोमेनची फीत आधीची ठरते. तरी फितीसोबत ठोस मागणी जोडण्याची कल्पना हेलींची आहे आणि जागृतीच्या इतिहासात तिचे वजन अधिक मानले पाहिजे. ऑक्टोबर हा महिना १९८५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि एक औषध कंपनी यांच्या पुढाकाराने ठरला. भारतात महिलांच्या दौडीला ‘पिंकेथॉन’मुळे (मुंबई, २०१२) वेग आला.

नागपूरची पार्श्वभूमी : मानेवाडा रस्त्यावरील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (लोकांच्या तोंडी ‘मेडिकल’), जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधील एम्स यांमुळे विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाट, शिवनी आणि छत्तीसगडचे रुग्णही येथे येतात. शहराची कर्करोग नोंदणी १९८० च्या सुमारास इंडियन कॅन्सर सोसायटीच्या मुंबई नोंदणीची शाखा म्हणून सुरू झाली. तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच झाले. त्यामुळे ऑक्टोबराला येथे फितीच्या आधीपासूनचा एक संदर्भ आहे.

स्वरूप : दौड पहाटे साडेपाच-सहाला, ऊन चढण्याआधी सुरू होते. फुटाळा, सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स हे सोयीचे रस्ते. गुलाबी टी-शर्ट, झुंबा, झेंडा, शेवटी तर्री पोहे. शिबिराचे काम याहून संथ. टेबलावर सिलिकॉनचा नमुना ठेवलेला असतो, आत वाटाण्याएवढ्या व त्याहून मोठ्या गाठी पुरलेल्या. परिचारिका बाईचा हात धरून मधल्या तीन बोटांचे पेर त्यावर गोल फिरवायला लावते, आधी हलके, मग दाबून. गाठ बोटाला लागली की बाई दचकून हात मागे घेते. पुढचा प्रश्न ठरलेला : ‘पण हे दुखत नाही तं काय दाखवायचं?’ स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. एवढी एक गोष्ट घरी नेली तरी शिबिर कारणी लागते.

निधी : उपक्रमाचे पैसे दौडीची नोंदणी शुल्के, प्रायोजक, मैफलीची तिकिटे आणि देणग्या यांतून जमतात. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. गणेशमंडळांना हे कलम चांगले परिचयाचे आहे. देणगीदाराला आयकरात मिळणारी (‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी) सवलत २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही. शस्त्रक्रिया व केमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (लोक अजून ‘जीवनदायी’च म्हणतात) बसतात, तेव्हा जमलेल्या पैशाचा खरा उपयोग योजनेबाहेरच्या खर्चाला होतो : सोबतच्या माणसाची खोली, बसभाडे, बुडालेली मजुरी. टी-शर्टवर किती गेले आणि रुग्णापर्यंत किती पोचले, हा हिशेब आयोजकांनी मांडला पाहिजे.

परिणामकारकता : जागतिक अंदाजांनुसार २०२२ मध्ये भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. शांघायमधील २,६६,०६४ गिरणी कामगार स्त्रियांवरील अभ्यासात केवळ स्वपरीक्षण शिकवल्याने मृत्यू घटल्याचे दिसले नाही (२००२). मुंबईत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. एकूण मृत्युदरातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम नव्हती. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती (२०२१). म्हणून स्वपरीक्षणाकडे शरीराची ओळख म्हणून पाहावे आणि तपासणी प्रशिक्षित हाताकडूनच करावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नागपूरच्या उपक्रमांपुढील अडचण याच आकड्यात आहे. दौडीत पळतात त्या बहुतांशी कॉलेजच्या मुली आणि तिशीतल्या नोकरदार बायका. जिला तपासणीचा लाभ सर्वाधिक, ती पन्नाशीची बाई पहाटे पाणी भरत असते. ती भेटते महिला भजनी मंडळात, बचत गटाच्या बैठकीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. खंजिरी भजनाची परंपरा इथे घरोघर आहे, आणि मंडळातल्या बायका एकमेकींना तपासणीला ओढून नेतात. वाणासोबत तपासणीची चिठ्ठी दिली तर ती पदराच्या गाठीत सांभाळली जाते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लागणारे आरोग्य शिबिरांचे मांडवही याच कामाचे. गाठ सापडलेल्या बाईचा पाठपुरावा ही मात्र सगळीकडचीच कमकुवत बाजू आहे : नोंदवहीत लिहिलेला फोन बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि निरोप तिच्यापर्यंत पोचत नाही. आशा सेविका स्वतः सोबत जाते, तिथे बायका पुढच्या तपासणीला येतात.