ऑपरेशन ठरलंय? पायातल्या गुठळीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला

रामबाग, लोकमान्यनगर भागातले बरेच ग्राहक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे प्रेशरचे मोजे घ्यायला येतात. मोजे कशासाठी, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून हे पत्रक.

चालताना पोटरीचे स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलतात. ऑपरेशननंतर माणूस पडून राहिला की ते रक्त पायात रेंगाळतं. त्यातच जखमेमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. पायाच्या खोल शिरेत गुठळी होते ती अशी, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते.

धोका किती, हे डॉक्टर गुण देऊन ठरवतात. कॅप्रिनी पद्धतीत वय ४१ ते ६० असेल तर १ गुण, ६१ ते ७४ ला २, पुढे ३. ४५ मिनिटांहून लांबणारं मोठं ऑपरेशन २, कर्करोग २, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात पूर्वी गुठळी झालेली असेल तर ३. खुबा किंवा गुडघा बदलायचा असेल तर एकदम ५. समजा ६८ वर्षांच्या आजींचं पोटाचं मोठं ऑपरेशन आहे आणि पायावर फुगलेल्या शिरा आहेत: २, २ आणि १ मिळून ५ झाले. ५ पासून पुढे धोका मोठा धरतात. तेव्हा बाळंतपणानंतर आत्याचा एक पाय सुजला होता, ही घरातली जुनी गोष्टसुद्धा डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन, वैद्यांचं औषध, काहीही चालू असेल तर तेही.

प्रेशरचे मोजे पाय बाहेरून दाबून धरतात, म्हणजे रक्त पायात रेंगाळत नाही. आम्ही ते विकतो, तरी सांगतो: डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकरात लवकर उठून चालणं हा पहिला उपाय. धोका जास्त असेल तर पोटावर एनॉक्सापॅरिनसारखी, रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं देतात. खुबा बदलल्यावर ती ३५ दिवसांपर्यंतही चालू शकतात. बरं वाटतंय म्हणून घरी आल्यावर आपल्या मनाने बंद करू नका.

मोजे चपलेच्या नंबरावर घेऊ नका. घोट्याची सर्वांत बारीक जागा, पोटरीची सर्वांत जाड जागा आणि लांबी, दोन्ही पायांची वेगवेगळी मापं घ्यायची, तीही सकाळी, सूज चढण्याआधी. मोज्याची वरची कड गुंडाळू नका, ती रबरबँडसारखी आवळते. रोज एकदा काढून पाय धुवा, कोरडा करा आणि टाच नीट बघा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर मोजा पुन्हा चढवू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाने तळवे बधिर असतील किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल, तर डॉक्टरांना पुन्हा विचारल्याशिवाय आम्ही मोजे देत नाही.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते? तेल लावून चोळू नका, घरच्यांना चेपूही देऊ नका. गुठळी असेल तर ती सुटू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं तर १०८ ला फोन करा. हा धोका टाके काढल्यावरही काही आठवडे राहतो, त्यामुळे रात्रभराच्या बसने पुण्याला लेकीकडे जायचं असेल तर आधी विचारून घ्या.

रुग्णाला दुकानात आणायची गरज नाही. निरोप द्या, आमचा माणूस सकाळी घरी येऊन माप घेईल आणि मोजा कसा चढवायचा ते घरच्यांना शिकवून जाईल.