बेंटलीचं बॉनेट एवढं अरुंद का?

लंडनच्या नैर्ऋत्येला वेब्रिज नावाचं गाव आहे. १९०७ साली तिथे खास गाड्या पळवण्यासाठी काँक्रीटचा ट्रॅक बांधला गेला, ब्रुकलँड्स. वळणांवर भिंतीसारखा चढत जाणारा हा ट्रॅक आता तुकड्यातुकड्यांनी उरलाय आणि शेजारी संग्रहालय आहे. एका रविवारी तिथल्या आवारात एक हिरवी ‘तीन लिटर’ बेंटली उभी होती. १९२० च्या दशकातली, चार जण बसतील अशी, कापडी टपाची. बॉनेटवर चामड्याचा पट्टा करकचून आवळलेला, दिवे कढईएवढे, हँडब्रेकचा दांडा बॉडीच्या बाहेर. मालक, म्हणजे सत्तरी उलटलेले एक आजोबा, हातात फडकं घेऊन रेडिएटर पुसत होते.

मी समोर जाऊन उभा राहिलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती रुबाब नव्हे, उंची. अंगानं एवढी मोठी गाडी, पण बॉनेट उंच आणि चिंचोळं. गोदरेजचं कपाट आडवं करून चाकांवर ठेवलंय, असं काहीसं.

या चिंचोळेपणाच्या मुळाशी एक सरकारी सूत्र आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारींवर ‘हॉर्सपॉवर’प्रमाणे कर लागू झाला, एका हॉर्सपॉवरला वर्षाला एक पौंड. पण ही हॉर्सपॉवर इंजिन चालवून मोजायची नव्हती, ती कागदावर काढायची होती. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येनं गुणायचं आणि अडीचनं भागायचं. पिस्टन खालीवर किती अंतर जातो, म्हणजे स्ट्रोक किती, हे या हिशेबात कुठेच येत नाही!

मग काय होणार? व्यास लहान ठेवा आणि सिलिंडर लांब करा. या बेंटलीचा व्यास ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक १४९. चार सिलिंडरांचं सूत्र मांडलं तर उत्तर येतं सुमारे १५.९, म्हणजे कर सोळा पौंड. प्रत्यक्षात इंजिन सत्तर हॉर्सपॉवर देतं. उलट अमेरिकेच्या फोर्ड मॉडेल टी या साध्यासुध्या गाडीचा व्यास पावणेचार इंच. तिची खरी ताकद वीस हॉर्सपॉवर, कागदावरची साडेबावीस आणि कर तेवीस पौंड. सगळा दोष कराच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. त्या काळच्या शर्यतीच्या इंजिनांतही लांब स्ट्रोकचीच चाल होती, आणि बेंटली घेणाऱ्याला सात पौंडांची काय मातब्बरी! पण त्या सूत्रानं ब्रिटिश इंजिनांची एक अख्खी पिढी उंच आणि बारीक केली, हे खरं.

लांब स्ट्रोकची किंमत पिस्टनला मोजावी लागते. मिनिटाला ३५०० फेऱ्या धरा. प्रत्येक फेरीत पिस्टन १४९ मिलिमीटर वर आणि तितकाच खाली जातो, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १७ मीटरहून जास्त. आणि हा काही सरळ रस्त्यावरचा वेग नाही. पिस्टनला वरच्या टोकाला पूर्ण थांबून उलट फिरायचं असतं, खालच्या टोकालाही तेच. सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थांबा आणि पुन्हा धावा. एवढ्या वेळा ज्याला अडवायचं आणि ढकलायचं, ते वजनानं हलकंच हवं.

इथे या गाडीचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटली यांची एक आवडती गोष्ट येते. १९१३ साली भावाबरोबर ते लंडनमध्ये डीएफपी या फ्रेंच गाड्या विकत होते. पॅरिसजवळच्या त्या कारखान्यात गेले असताना टेबलावर छोट्या पिस्टनच्या आकाराचं एक पेपरवेट दिसलं, अॅल्युमिनियमचं. तेव्हा पिस्टन लोखंडी असत. इंजिनाच्या आगीत अॅल्युमिनियम टिकणार नाही, अशी समजूत होती. शुद्ध अॅल्युमिनियम तसं नरमच, पण त्यात शेकडा बारा भाग तांबं घातलं तर मिश्रधातू तग धरतो. ओतीव लोखंडाच्या निम्म्याहूनही हलका, आणि उष्णता वाहून नेण्यात कितीतरी सरस. पिस्टनचा माथा कमी तापतो, त्यामुळे पेट्रोलची वाफ नको त्या वेळी पेटत नाही. बेंटलींनी डीएफपीत तसे पिस्टन घातले आणि शर्यती जिंकल्या. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. ही युक्ती त्यांनी नौदलाला सांगितली आणि ती विमानांच्या इंजिनांत गेली. स्वतःची कंपनी निघाली ती युद्धानंतर, १९१९ मध्ये.

बारीक सिलिंडरात दुसरी अडचण हवेची. आत जाणारं मिश्रण व्हॉल्व्हच्या कडेच्या फटीतून शिरतं. दोन मोठ्या व्हॉल्व्हऐवजी चार लहान बसवले तर तेवढ्याच जागेत कडेची एकूण लांबी वाढते, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन प्लग आहेत. ‘सोळा व्हॉल्व्ह’ अशी अक्षरं गाडीच्या पाठीवर मिरवायची पद्धत आपल्याकडे कधी आली, आठवून बघा.

ब्रेकचं मात्र कौतुक नको. १९२३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या पहिल्या चोवीस तासांच्या शर्यतीत अशीच एक ‘तीन लिटर’ उतरली, तेव्हा ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. वाटेत दगड लागून पेट्रोलची टाकी फुटली. चालकाचा जोडीदार सायकलवर पेट्रोलचे डबे घेऊन गेला, भोकाला बूच मारलं आणि तरी गाडी चौथी आली. पुढच्या वर्षी चारही चाकांना ब्रेक होते, आणि ती पहिली आली.

मला सगळ्यात जास्त आवडली ती बॉडी. दारावर टिचकी मारली (आजोबांना विचारून), तर पत्र्याचा आवाज नाही. दबका, गादीवर मारल्यासारखा. वर होतं ते कापड. ओळखीचं वाटलं, कारण आपल्या लहानपणी एसटीच्या सीटवर जे रेक्झीन असायचं, त्याच जातीचं. आत अॅश लाकडाचा सांगाडा. बेंटली फक्त इंजिन आणि चाकांसकट चॅसी विकत असे, बॉडी गिऱ्हाइकानं वेगळ्या कारागिरांकडून करून घ्यायची. ती चॅसी म्हणजे शिडीसारखी जोडलेली दोन लांब पोलादी अंगं, आणि खडबडीत रस्त्यावर शिडी पिळवटतेच. वर ताठ पत्रा असेल तर सांधे कुरकुरतात, रंगाला भेगा पडतात. वेमन नावाच्या माणसानं यावर तोडगा काढला: लाकडाला लाकूड टेकूच द्यायचं नाही, मध्ये पोलादाच्या छोट्या पट्ट्या ठेवायच्या, आणि वरून कापड ताणायचं. चॅसी पिळवटली की बॉडीही तिच्याबरोबर वळते. शिवाय वजन कमी.

आजोबा निघायच्या तयारीला लागले. स्टिअरिंगच्या मधोमध एक छोटी दांडी असते, ठिणगी केव्हा पडावी ते ठरवणारी. ती त्यांनी मागे सारली. अॅक्सिलरेटरचं पेडल मधोमध, ब्रेक त्याच्या उजवीकडे. चुकून आपण बसलो तर पहिल्याच वळणावर घात. गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गिअरच्या दोन दातेरी चाकांचे वेग जुळवायचं काम चालकाच्या कानाचं आणि पायाचं. ट्रक नाहीतर एसटी चालवलेल्या जुन्या माणसांना ‘डबल क्लच’ म्हटलं की पुरे.

इंजिन सुरू झालं, पण तो आवाज म्हणावा असा नव्हता, ते ठोके होते. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला पाचशे फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सतरा. माणसाच्या कानाला साधारण विसाच्या खाली स्वर म्हणून ऐकू येत नाही, सुटे धक्के जाणवतात. म्हणून तो ठोका कानाआधी छातीत लागत होता.

गाडी फाटकापर्यंत तशीच धडधडत गेली. रस्त्याला लागल्यावर आजोबांनी पाय दाबला, ठोके एकमेकांत मिसळले आणि वळणापलीकडून खर्जातला एक सलग सूर येत राहिला.