नवीकरणीय उष्णता प्रोत्साहन योजनेच्या मुदती (ब्रिटन)

कारखाने, हॉटेले, शाळा, इस्पितळे, कुक्कुटपालनाच्या शेड अशा बिगर-घरगुती ठिकाणी लागणारी उष्णता तेल व नैसर्गिक वायूऐवजी लाकूड, बायोगॅस, उष्णता पंप (हवेतील वा जमिनीतील उष्णता खेचून घेणारे यंत्र) किंवा सूर्यप्रकाश यांपासून मिळवली जावी, या हेतूने ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्ससाठी ‘रिन्यूएबल हीट इन्सेन्टिव्ह’ ही योजना सुरू केली. यंत्रणा बसवताना एकरकमी अनुदान देण्याची पद्धत तीत नव्हती; प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या उष्णतेच्या प्रत्येक युनिटमागे ठरावीक दर वीस वर्षे, दर तिमाहीला मिळत असे. अर्ज ग्राह्य धरला गेला त्या दिवशी लागू असलेला दरच पुढे कायम राहत असल्याने तारीख चुकली की प्रकल्पाचे सगळे गणित बदलत असे.

अर्ज नुसता पाठवून भागत नसे. बॉयलर पेटवून, उष्णतेचा मीटर बसवून, यंत्रणा सुरू झाल्याचे प्रमाणपत्र, मीटरची छायाचित्रे आणि नळजोडणीचा आराखडा ऑफजेम या नियामक संस्थेकडे सादर करावा लागे. त्यामुळे मुदत खऱ्या अर्थाने पाळायची ती गवंडी, नळकाम करणारे आणि यंत्र पुरवणारे यांनी. मालकाच्या हातात त्यातले फार थोडे असे. शिवाय एखाद्या तंत्रज्ञानावरील खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तिमाही आढाव्यानंतर त्याचा दर आपोआप उतरत असे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांची पहिली तारीख म्हणूनच व्यावसायिकांच्या डोळ्यांपुढे सतत असे.

मुदत कशी बिघडू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण उत्तर आयर्लंडचे आहे. तेथे स्वतंत्र योजना नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. लाकूड जाळणाऱ्या २० ते १०० किलोवॅट क्षमतेच्या बॉयलरला प्रति युनिट ५.९ पेन्स दर मिळाला, तर त्याहून मोठ्या बॉयलरला अवघा १.५ पेन्स. परिणामी एका मोठ्या बॉयलरच्या जागी ९९ किलोवॅटचे अनेक बॉयलर एका ओळीत उभे राहू लागले. ब्रिटनच्या मूळ योजनेत लहान व मध्यम आकाराच्या बॉयलरना वर्षात पूर्ण क्षमतेने १,३१४ तास चालून मिळेल तेवढ्या उष्णतेनंतर दर बराच कमी होत असे. ती पायरी उत्तर आयर्लंडमध्ये ठेवलीच गेली नाही. इंधनावर होणाऱ्या खर्चापेक्षा सरकारी दर जास्त असल्यामुळे जितके जाळावे तितका नफा, अशी स्थिती निर्माण झाली. प्रोत्साहनाची इतकी उघड चूक विरळाच.

२०१५ च्या उन्हाळ्यात दरकपात करण्याचे ठरले, पण ती ऑक्टोबरवरून पुढे ढकलली जाऊन १८ नोव्हेंबरला लागू झाली. कपात येणार ही वार्ता बाजारात आधीच पोचली होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत नऊशेहून अधिक अर्ज आले आणि ते सर्व जुन्या, चढ्या दराचे वीस वर्षांचे हक्कदार ठरले. कपातीत १,३१४ तासांची पायरी आणि वर्षाला ४,००,००० युनिटांची कमाल मर्यादा आली खरी, पण तोवर खर्च हाताबाहेर गेला होता. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी योजना नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. या प्रकरणावरून जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि प्रांतिक सरकार कोसळले. ते तीन वर्षांनी पुन्हा उभे राहिले. निवृत्त न्यायाधीश सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशी समितीने १३ मार्च २०२० रोजी अहवाल दिला. या अपयशाच्या मुळाशी भ्रष्टाचार किंवा दुष्ट हेतू नसून चुकांची आणि हलगर्जीची मालिका होती, असा तिचा निष्कर्ष होता. मुदत जाहीर होणे आणि ती लागू होणे यांतील अंतर किती महाग पडू शकते, हे त्या अहवालाइतक्या बारकाईने क्वचितच नोंदले गेले असेल.

मोठ्या प्रकल्पांची अडचण याच्या नेमकी उलट होती. बायोमिथेनचा (शुद्ध केलेल्या बायोगॅसचा) किंवा मोठ्या उष्णता पंपाचा प्रकल्प उभा राहायला दीड-दोन वर्षे लागतात आणि तोवर दर काय असेल याची शाश्वती नसल्यास बँक कर्ज देत नाही. त्यावर उपाय म्हणून मे २०१८ पासून दरहमी देण्यास सुरुवात झाली. बांधकामाआधी अर्ज करून, निधीची तजवीज सिद्ध केल्यास दर राखून ठेवला जाई. मात्र ठरल्या तारखेपर्यंत यंत्रणा चालू करणे बंधनकारक असे. योजनेत केलेल्या सुधारणांपैकी ही सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल.

इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये बिगर-घरगुती योजना ३१ मार्च २०२१ रोजी नव्या अर्जांसाठी बंद झाली. कोविडमुळे कामे रखडल्याने, आधीच हाती घेतलेल्या प्रकल्पांना यंत्रणा सुरू करण्यासाठी प्रथम ३१ मार्च २०२२ पर्यंत आणि दरहमी मिळालेल्यांना पुढे ३१ मार्च २०२३ पर्यंत सवलत मिळाली. बायोमिथेनसाठी ३० नोव्हेंबर २०२१ पासून ‘ग्रीन गॅस सपोर्ट स्कीम’ लागू झाली. इंग्लंड आणि वेल्समधील लहान इमारतींना २०२२ पासून ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’मधून ४५ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी एकरकमी अनुदान मिळू लागले.